हिरडीची महिरप

आरशासमोर उभे राहा आणि वरचा ओठ बोटाने जरा वर उचला. दात क्षणभर बाजूला ठेवा आणि दातांच्या वर फिरलेली हिरडीची कड बघा. प्रत्येक दातावर एक कमान, दोन कमानींच्या मध्ये खाली उतरलेलं एक टोक, मग पुढची कमान. गणपतीच्या मखराला महिरप असते तशी ही रेषा एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत जाते. मधल्या दोन दातांच्या कमानी एका उंचीवर, त्यांच्या शेजारच्या दोन किंचित खाली, सुळ्यांच्या पुन्हा वर. निरोगी तोंडात डावी बाजू उजवीशी जुळते, आणि जुळते म्हणूनच आपलं तिकडे कधी लक्ष जात नाही.

महिरपीतली एक कमान जरी दीड-दोन मिलिमीटर वर सरकली, तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं. नेमकं काय, ते त्याला सांगता येत नाही. नवी कॅप कितीही सुबक असो, तो दात शेजाऱ्यापेक्षा लांब दिसतो आणि बसवलेला आहे हे उघड होतं. हसताना हिरडी कुठे दिसते, असं कुणी म्हणेल. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहापैकी साधारण सात जणांच्या हसण्यात दातांमधली हिरडीची टोकं दिसत होती आणि एकाच्या हसण्यात हिरडीचा अखंड पट्टा दिसत होता. ओठाआड सगळं झाकलं जाईल असं नशीब फक्त दोघांचं. म्हणून पुढचा दात गेल्यावर इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेलं कृत्रिम मूळ, बसवायचं असेल, तर दाताइतकाच विचार हिरडीचाही करावा लागतो.

बाईंचा प्रश्न

चाळिशीतल्या एका शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. शाळकरी वयात पडून वरचा पुढचा दात दुखावला. पुढे रूट कॅनाल झालं, कॅप बसली. आता त्या दाताचं मूळ उभं तडकलंय आणि तो वाचवता येणार नाही. खुर्चीत बसल्या बसल्या त्या विचारतात, "डॉक्टर, मला रोज वर्गासमोर उभं राहायचं असतं. तुम्ही दात काढाल त्याच दिवशी इम्प्लांट बसवता येईल ना?"

डॉक्टरांनी खरं उत्तर द्यायचं तर ते असं असेल : "बाई, येईल कदाचित. पण आधी तुमची हिरडी आणि तिच्याखालचं हाड बघू द्या."

बाईंना हे टाळाटाळीचं उत्तर वाटेल. ते तसं का नाही, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

घाईचा इतिहास

१९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवून आतलं रक्ताभिसरण बघत होते. काम संपल्यावर ते उपकरण काढायला गेले, तर निघेना. हाड टायटॅनियमला घट्ट धरून बसलं होतं. या चिकटण्यालाच पुढे ऑसिओइंटिग्रेशन असं नाव मिळालं. १९६५ साली गॉथेनबर्गमध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ते त्या रुग्णाने अखेरपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ वापरले.

ब्रोनेमार्क यांची शिस्त कडक होती. दात काढल्यावर जखम काही महिने भरू द्यायची. मग स्क्रू बसवून हिरडी वरून शिवून टाकायची आणि खालच्या जबड्यात तीन, वरच्या जबड्यात सहा महिने त्याला हात लावायचा नाही. त्यानंतर दात. एवढं थांबणं रुग्णाच्या जिवावर येई. जर्मनीत ट्युबिंगेनच्या विल्फ्रीड शुल्टे यांनी १९७६च्या सुमाराला वेगळी वाट धरली. त्यांनी दात काढल्याबरोबर हाडातल्या त्याच्या खोबणीत बसवता येईल असं सिरॅमिकचं इम्प्लांट तयार केलं. नव्वदचं दशक संपेपर्यंत काही डॉक्टर पुढच्या दाताच्या जागी इम्प्लांट आणि त्यावरचा तात्पुरता दात, दोन्ही एकाच दिवशी देऊ लागले होते.

या घाईमागे एक आशाही होती. दात काढल्यावर जबड्याचं हाड आक्रसतं हे सगळ्यांना माहीत होतं. खोबण रिकामी राहिली म्हणून भिंती ढासळतात, तेव्हा तिच्यात लगेच खुंटी ठोकली तर भिंती उभ्या राहतील, असा हिशेब होता. ऐकायला तो अगदी पटण्यासारखा आहे. २००५ साली ब्राझीलचे माउरिसिओ अराउजो आणि स्वीडनचे यान लिंडे यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तो हिशेब चुकला. इम्प्लांट लगेच बसवलं तरी ओठाकडची भिंत खचतच होती.

पापुद्र्याची भिंत

असं का होतं, याचं उत्तर दात हाडात कसा उभा असतो यात आहे. दात हाडाला चिकटलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटरची फट असते आणि तिच्यातल्या हजारो बारीक तंतूंवर दात टांगलेला असतो. या तंतूंची एक टोकं दाताच्या मुळात आणि दुसरी खोबणीच्या आतल्या अस्तरात रुतलेली असतात. हाडाचं हे अस्तर दातासाठीच तयार झालेलं असतं. दात गेला, तंतू तुटले, की त्याचं काम संपतं आणि शरीर ते शोषून घेतं.

टाळूच्या बाजूला हाड जाड असतं. तिथलं अस्तर गेलं तरी मागे भिंत उरते. ओठाच्या बाजूला मात्र भिंत अगदीच पातळ असते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत वरच्या पुढच्या दातांची ही भिंत सरासरी ०.८ मिलिमीटर भरली, आणि शंभरातल्या ८७ जागी ती एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी होती. भाकरी टम्म फुगल्यावर वर जो पापुद्रा येतो, तो डोळ्यांसमोर आणा. आपल्या पुढच्या दातांपुढे हाडाचा असाच पापुद्रा असतो, आणि त्यातला बराचसा भाग म्हणजे ते दातासाठीचं अस्तरच.

त्यात रक्तपुरवठ्याची अडचण. या भिंतीला रक्त मिळतं ते दाताभोवतीच्या तंतूंच्या थरातून आणि वरून हाडाला चिकटलेल्या आवरणातून. जाड हाडाला आतल्या मगजातूनही मिळतं, पण पापुद्र्यात मगजच नसतो. दात काढला की पहिली वाट बंद. शस्त्रक्रियेसाठी हिरडी चिरून उचलली, तर दुसरीही काही काळ तुटते. म्हणून आजचे जाणते डॉक्टर शक्य तिथे हिरडी न उचलता दात काढतात.

हिरडीचा या सगळ्याशी संबंध साधा आहे. हिरडी हा वेल आणि हाड हा मांडव. वेल मांडवाच्या आधाराने उंची धरतो. मांडव खचला की वेलही खाली येतो, मग त्याला वरून कितीही बांधा. हिरडी इम्प्लांटमागे जात नाही, हाडामागे जाते. या प्रकरणातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

टोकं टिकतात, कमान सरकते

महिरपीचे दोन भाग आहेत. दोन दातांमधली खाली उतरलेली टोकं आणि दाताच्या मध्यावरची कमान. त्यांचं नशीब वेगवेगळं आहे.

टोकं उभी असतात शेजारच्या दातांच्या हाडावर. अमेरिकेतले डेनिस टार्नो आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली नैसर्गिक दातांमध्ये मोजलं, की दोन दात एकमेकांना टेकतात त्या बिंदूपासून खालच्या हाडापर्यंतचं अंतर पाच मिलिमीटर किंवा कमी असेल, तर हे टोक जवळजवळ नेहमी, म्हणजे शंभरात ९८ वेळा, पूर्ण भरलेलं असतं. अंतर सहा झालं की ५६ वेळा, सात झालं की फक्त २७ वेळा. एकेका मिलिमीटरने एवढा फरक! एकच दात गेला असेल आणि शेजारचे दोन्ही दात व त्यांचं हाड धड असेल, तर टोकं बहुधा राहतात. सुरुवातीला थोडी बसली तरी पुढच्या महिन्यांत भरून येतात. पण लागोपाठ दोन दात गेले आणि दोन इम्प्लांट शेजारी-शेजारी बसवली, तर त्यांच्यामध्ये हे टोक मिळवणं फार अवघड असतं. तिथे काळा त्रिकोण दिसू लागतो, कारण दोन्हीकडे नैसर्गिक दात उरलेला नसतो.

कमानीचं तसं नाही. ती त्या पापुद्र्याच्या भरवशावर असते. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात जोसेफ कान आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांना पुढच्या दाताच्या जागी लगेच इम्प्लांट आणि लगेच तात्पुरता दात दिला. वर्षभराने कमान सरासरी ०.५५ मिलिमीटर वर सरकली होती. एवढं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण सरासरी चार वर्षांनी तपासलं तेव्हा आकडा १.१३ झाला होता. आणि खरी गोष्ट सरासरीच्या आत दडली होती. जाड हिरडीच्या लोकांत कमान ०.५६ मिलिमीटर सरकली, पातळ हिरडीच्या लोकांत १.५०. डॉक्टर तेच, पद्धत तीच, आणि हिरडीच्या जातीनुसार जवळजवळ तिप्पट फरक.

इम्प्लांटची जागाही तेवढीच महत्त्वाची. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, लगेच बसवलेल्या ४२ इम्प्लांटांच्या पाहणीत ओठाकडे झुकलेल्या इम्प्लांटांवरची हिरडी सरासरी १.८ मिलिमीटर सरकली होती आणि टाळूकडे ठेवलेल्यांवरची ०.६. हात अंगुळभरसुद्धा चुकायला लागत नाही, एखाद्या मिलिमीटरची चूक पुरते.

त्या दिवशी खुर्चीत काय घडतं

आता बाईंकडे परत येऊ. आधी सीबीसीटी नावाचा त्रिमित एक्स-रे निघतो. त्यात ओठाकडची भिंत शाबूत आहे का आणि मुळाच्या टोकापलीकडे इम्प्लांटला घट्ट धरेल एवढं हाड आहे का, हे दिसतं. मग एक सोपी तपासणी. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत बारीक सळई सरकवायची. हिरडीतून सळईची छाया दिसली तर हिरडी पातळ, नाही दिसली तर जाड.

सगळं अनुकूल असेल तर भूल देऊन पातळ पात्याने मुळाभोवतीचे तंतू एकेक करून सोडवतात. दात ओठाच्या दिशेने हलवत नाहीत, कारण तिकडेच पापुद्रा आहे. दात निघाला की खोबण खरवडून स्वच्छ करतात आणि भिंत अखंड असल्याची पुन्हा खात्री करतात. मग टाळूकडच्या भिंतीत भोक पाडून इम्प्लांट बसवतात. त्याचा माथा होणाऱ्या कमानीपासून तीन-चार मिलिमीटर खोल ठेवतात आणि त्याच्यापासून पापुद्र्यापर्यंत निदान दोन मिलिमीटर जागा सोडतात. खोबण भरून टाकेल एवढं जाडजूड इम्प्लांट इथे नुकसान करतं.

सोडलेल्या जागेत हाडाचे दाणे भरतात. ते विरघळायला फार वेळ लागत असल्याने भिंत आत खचली तरी बाहेरचा फुगवटा बराचसा टिकतो. इथे एक गोष्ट प्रत्येक रुग्णाला आधी सांगायला हवी. सर्वाधिक वापरले जाणारे दाणे गोवंशाच्या हाडावर प्रक्रिया करून बनवलेले असतात. ज्यांना ते चालणार नाहीत त्यांनी निःसंकोच तसं सांगावं. कृत्रिम दाणेही मिळतात.

हिरडी पातळ असेल तर टाळूच्या कातडीखालून पेशीजालाचा छोटा तुकडा घेऊन तो कमानीच्या आत सरकवून शिवतात. झिरझिरीत कापडाला अस्तर लावावं तसं. त्याने हिरडी जाड होते आणि सरकायला कमी राजी होते. रंगासाठीही अस्तराचा उपयोग होतो. दोन मिलिमीटरपेक्षा पातळ हिरडीखालून टायटॅनियमची करडी झाक दिसू शकते. तिथे इम्प्लांटवरचा जोड पांढऱ्या झिर्कोनियाचा घेतला तरी फरक पडतो. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या मुळातच तपकिरी किंवा सावळ्या असतात आणि तो रंग पूर्णपणे निरोगी असतो. अशा हिरडीवर चिरेचा फिका व्रण लगेच उठून दिसतो. म्हणून चीर जितकी कमी तितकं बरं, आणि अस्तर आतून लावलेलं चांगलं, कारण वरचा रंग हिरडीचा स्वतःचाच राहतो.

शेवटी तात्पुरता दात. इम्प्लांट पुरेसं घट्ट बसलं असेल तरच तो त्याच दिवशी देतात आणि खालचा दात त्याला लागणार नाही इतका आखूड ठेवतात. हिरडीच्या आत जाणारा त्याचा भाग कसा घडवलाय यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. तिथे फुगवटा ठेवला तर तो कमानीला वर ढकलतो. थोडी खोलगट घडण ठेवली तर हिरडीला जाड होऊन बसायला जागा मिळते. पुढचे तीन ते सहा महिने हा दात हिरडीला साच्यासारखा घडवत असतो. कायमची कॅप त्याने घडवलेल्या आकारावर बेतायची. त्याआधी घाईने कॅप बसवणं म्हणजे सिमेंट ओलं असतानाच त्यावर चालणं.

गुण कुणाला द्यायचे

२००५ साली व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी हिरडीच्या रूपाला गुण देण्याची एक पद्धत मांडली. दोन बाजूंची दोन टोकं, कमानीची उंची, तिची वळणं, हाडाचा बाहेरचा फुगवटा, हिरडीचा रंग आणि तिचा पोत अशा सात गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते दोन, एकूण १४ गुण. तुलना नेहमी रुग्णाच्या स्वतःच्या दुसऱ्या बाजूच्या दाताशी. मला या पद्धतीचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणाने. इम्प्लांट टिकलं म्हणजे उपचार यशस्वी झाला, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. पण हसताना तोंडावर हात धरणाऱ्या माणसाला "तुमचं इम्प्लांट घट्ट आहे" हे सांगून काय उपयोग? या चौदा गुणांनी त्याच्या हसण्याला तपासणीच्या कागदावर जागा दिली.

दात त्याच दिवशी, इम्प्लांट योग्य दिवशी

बाईंच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते. त्यांना दुसऱ्या दिवशी वर्गात दात हवा होता. इम्प्लांट त्याच दिवशी हवं अशी त्यांची खरी गरज नव्हती. तात्पुरता दात शेजारच्या दातांना चिकटवून किंवा छोट्या काढता-घालता येणाऱ्या पट्टीवर त्याच दिवशी देता येतो. दाताशिवाय वर्गात जाण्याची वेळ कुणावरच येत नाही.

म्हणून इम्प्लांटचा दिवस हाड आणि हिरडी बघून ठरवावा. भिंत शाबूत, हिरडी जाड, पू नाही, मुळाच्या टोकापलीकडे भरपूर हाड, हे सगळं जुळलं तर त्याच दिवशी बसवणं योग्य आहे. त्याने एक शस्त्रक्रिया वाचते आणि टोकांना लगेच आधार मिळतो. पण भिंत आधीच फुटलेली असेल, जागेवर पू असेल, कमान आधीच वर सरकलेली असेल, किंवा पातळ हिरडी आणि हसताना सगळी हिरडी दिसणारा ओठ अशी जोडी असेल, तर चार ते आठ आठवडे थांबावं. तेवढ्या दिवसांत खोबणीवर हिरडी भरून येते, शिवायला पुरेसं कातडं मिळतं, आणि मग हाड वाढवत इम्प्लांट बसवता येतं. उभ्या तडकलेल्या मुळाशेजारची भिंत बहुधा शाबूत नसते. म्हणून बाईंना थांबायला सांगितलं जाण्याचीच शक्यता अधिक.

सिगारेट, तंबाखू आणि आपल्याकडे विशेषतः बायकांमध्ये चालत आलेली मिश्री यांचाही हिशेब यात धरावा लागतो. मिश्री थेट हिरडीवरच घासली जाते. धूम्रपानाने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम उशिरा भरते आणि इम्प्लांट निसटण्याचा धोका वाढतो. मधुमेह काबूत नसेल तर आधी तो काबूत आणावा. हे सगळं डॉक्टरांपासून लपवणाऱ्याचं नुकसान त्याच्याच तोंडात दिसतं.

वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमचा किंवा घरातल्या कुणाचा पुढचा दात काढायची वेळ आली, तर तो काढण्याआधी हसतानाचा एक स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. ओठाकडची भिंत शाबूत आहे का? माझी हिरडी जाड आहे की पातळ? आज बसवलं नाही तर मधल्या काळात मला तात्पुरता दात मिळेल का? आणि दोन वर्षांनी ही कमान शेजारच्या कमानीशी जुळलेली राहील, याची तुम्हाला कितपत खात्री वाटते? हे प्रश्न दात तोंडात असतानाच विचारायचे आहेत. दात निघाल्यावर पापुद्रा खचायला लागतो, आणि मग त्यांची उत्तरं तुमच्या हातात राहत नाहीत.